सुरतेचा हिरा आणि हृदयाची वाट

सुरत हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम काय उभे राहते, हे सांगण्यासाठी इतिहासाच्या शिक्षकाची गरज नाही. इ. स. १६६४ चा जानेवारी आणि इ. स. १६७० चा ऑक्टोबर, शिवछत्रपतींच्या त्या दोन स्वाऱ्या, हे आपण चौथीच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत; आणि गेली वीस वर्षे ती हकीकत मीही मुलांना सांगत आहे. मुलांना त्यात सर्वांत आवडते ती लुटीतल्या जडजवाहिराची यादी. हिरे, माणके, मोती म्हटले की मागच्या बाकावरचेसुद्धा जागे होतात.

श्रोतेहो, आज मला बोलायचे आहे ते सुरतेच्या हिऱ्यांविषयीच. परंतु ते वाट वाकडी करून थेट माणसाच्या हृदयापर्यंत कसे पोहोचले, याविषयी. छाती न फाडता, मनगटातल्या किंवा जांघेतल्या एका बारीकशा छिद्रातून हृदयावर उपचार करण्याची जी विद्या गेल्या शंभर वर्षांत माणसाने मिळविली, तिच्या इतिहासात या शहराचे एक पान आहे. ते पान मला फार उशिरा वाचायला मिळाले. केव्हा आणि कसे, तेही ओघात सांगेन, कारण त्यात आमच्या घरच्या माणसाचा जीव गुंतलेला होता.

माझे थोरले बंधू सुरतेत असतात. आम्ही मूळचे वसईचे; पण कापड रंगविण्याच्या एका गिरणीत फिटरची नोकरी लागली म्हणून तरुणपणीच ते तिकडे गेले आणि तिथलेच झाले. सुरतेत मराठी माणूस एकटा पडत नाही. तापीखोऱ्याच्या लोहमार्गाने धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेथे उतरत आली आहेत, आणि उधना-लिंबायतच्या गल्ल्यांतून चालताना अहिराणी जितकी कानी पडते तितकी आमच्या वसईत कधी पडणार नाही. इ. स. २०१४ च्या पावसाळ्यात एका पहाटे बंधूंच्या छातीत कळ आली, डावा हात भरून आला, अंगाला घाम सुटला. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून त्यांना इस्पितळात नेले. मी दुपारच्या सुमारास गाडीने पोहोचलो, तेव्हा सारे आटोपले होते. बंधू खाटेवर बसून चहा मागत होते. छातीवर एक ओरखडा नाही. मनगटावर तेवढी एक पट्टी. मी इतिहास शिकवणारा माणूस. मला वाटले, हा चमत्कार झाला तरी कसा?

तो कसा झाला, हे समजण्यासाठी आधी हृदयाची एक अडचण ध्यानी घ्यावी लागते. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरविते; पण ज्या रक्ताने ते रात्रंदिवस भरलेले असते, त्यातून त्याच्या जाड स्नायूला स्वतःची भूक भागविता येत नाही. पाणक्याने दिवसभर घराघरात पाणी भरावे आणि स्वतःच्या तहानेसाठी मात्र वेगळी ओंजळ पसरावी, तसे आहे हे. हृदयाला रक्त पोहोचविण्यासाठी महारोहिणीच्या मुळाशीच दोन स्वतंत्र शाखा फुटतात. त्यांची जाडी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. त्यांना हृद्-रोहिणी म्हणतात. त्यांच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे चरबीचे कीट साचते. एके दिवशी ते कीट फुटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि वाट बंद होते. पलीकडचा स्नायू उपाशी मरू लागतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. वाट जितकी लवकर मोकळी होईल तितका स्नायू वाचतो. येथे तासांचा हिशेब नाही, मिनिटांचा आहे.

आता, ही वाट आतूनच मोकळी करावी, हा विचार आज आपल्याला साधा वाटतो. पण शंभर वर्षांपूर्वी जिवंत माणसाच्या हृदयात काही घालावे, ही कल्पना वैद्यांना पापासारखी वाटे. ते पाप पहिल्यांदा केले ते वेर्नर फोर्समान नावाच्या पंचवीस वर्षांच्या एका जर्मन डॉक्टराने, इ. स. १९२९ मध्ये, बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड या गावच्या इस्पितळात. हातातल्या नीलेतून एक बारीक नळी सरकवीत नेली तर ती हृदयात पोहोचेल, असा त्याचा तर्क होता. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. निर्जंतुक उपकरणांच्या कपाटाची किल्ली गेर्डा डिट्झेन या परिचारिकेपाशी होती. फोर्समानने तिला आपल्या बेताची अशी काही गोडी लावली, की हा प्रयोग माझ्यावरच करा, असे ती म्हणाली. त्याने तिला मेजावर निजवले, हातपाय बांधले, तिच्या हातावर औषध लावल्याचे सोंग केले, आणि मागच्या बाजूस वळून स्वतःच्याच कोपराजवळची नीला उघडून नळी आत सारली. मूत्रमार्गासाठी वापरतात ती ६५ सेंटिमीटरांची नळी होती. मग त्याने परिचारिकेला सोडविले, आणि तशीच नळी हातात घेऊन, जिने उतरून, तो क्ष-किरणांच्या खोलीत गेला. चित्र निघाले. नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात होते.

मुलांना ही गोष्ट सांगितली की वर्ग चिडीचूप होतो. परिचारिकेला फसविले हे बरे झाले का, असा प्रश्न एका मुलीने मला विचारला होता. मला उत्तर देता आले नाही. फोर्समान पुढे नाझी पक्षाचा सभासद झाला, हेही मी मुलांपासून लपवीत नाही. शूर माणूस सर्वच बाबतींत चांगला असतो असे इतिहासात थोडेच आहे? त्या काळच्या नामवंत शल्यविशारदांनी त्याची हेटाळणी केली, हृदयाची वाट सोडून तो मूत्रविकारांच्या शस्त्रक्रियेकडे वळला, युद्धात कैद झाला, आणि पुढे एका लहान गावात डॉक्टरकी करीत राहिला. इकडे अमेरिकेत आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी त्याचाच मार्ग पुढे नेला, आणि इ. स. १९५६ मध्ये नोबेल पारितोषिक तिघांना मिळून देण्यात आले.

पुढची पायरी चुकीतून घडली. अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या इस्पितळात मेसन सोन्स हे डॉक्टर इ. स. १९५८ च्या ऑक्टोबरात एका रुग्णाच्या महारोहिणीत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रे घेत होते. हृद्-रोहिणीत थेट रंगद्रव्य गेले तर मनुष्य मरेल, अशी तेव्हा सर्वांची खात्री होती. नळी निसटली आणि नेमकी उजव्या हृद्-रोहिणीत शिरली. रंगद्रव्य सारे तेथे गेले. हृदय काही क्षण थांबले. छाती उघडण्याच्या तयारीने सोन्स धावले, रुग्णाला मोठ्याने खोका म्हणाले. तो खोकला, आणि हृदय पुन्हा चालू लागले. ज्या अपघाताला सगळे भीत होते तो घडून माणूस जिवंत राहिला होता. पडद्यावर हृद्-रोहिणीचे चित्र मात्र झाडाच्या फांदीसारखे स्पष्ट उमटले होते. आज ज्याला आपण अँजिओग्राफी म्हणतो तिचा जन्म हा असा झाला.

पाहता येऊ लागले. दुरुस्त कसे करायचे? त्या काळी छाती उघडण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. आमच्या मुंबईत के. ई. एम. इस्पितळात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेचे मोठे केंद्र उभे केले होते, आणि इ. स. १९६८ च्या फेब्रुवारीत तेथे मानवी हृदयाचे आरोपणही झाले. रुग्ण काही तासच जगला. पण परळच्या म्युनिसिपल इस्पितळात ते धाडस झाले ही लहान गोष्ट नव्हे. तरी छाती उघडणे म्हणजे बरगड्यांचा पिंजरा करवतीने कापणे, महिनोन्‌महिने अंथरूण, आणि म्हाताऱ्या वा दुबळ्या माणसाच्या बाबतीत पुष्कळदा नकारच.

दुरुस्ती आतूनही होते, हे दाखविणाऱ्या चार्ल्स डॉटर या अमेरिकन डॉक्टराला लोक वेडा म्हणत. इ. स. १९६४ च्या जानेवारीत पोर्टलंड शहरी त्यांच्याकडे ८२ वर्षांची एक वृद्धा आली. पायाची रोहिणी आवळली होती, बोटे काळी पडली होती. पाय कापा, असे सर्व शल्यवैद्यांचे मत, आणि कापू देणार नाही, असे बाईंचे. डॉटर यांनी एकावर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या आवळलेल्या जागेतून सारून वाट रुंद केली. पाय वाचला. मरेपर्यंत ती बाई स्वतःच्या पायांवर चालली. अमेरिकेत मात्र फारसे कोणी हे मनावर घेतले नाही.

मनावर घेतले ते झुरिक येथील आंद्रेआस ग्रुंट्झिग या तरुण जर्मन डॉक्टराने. या सर्व मंडळींत माझा जीव जडला तो याच्यावर. कारण त्याची प्रयोगशाळा म्हणजे त्याचे स्वयंपाकघर. दिवसभराचे काम संपले की तो, त्याची पत्नी, मदतनीस बाई आणि तिचा नवरा मेजाभोवती बसत. प्लॅस्टिकची नळी, दोरा, चिकटद्रव्य आणि कात्री घेऊन फुगे बनवीत. साधा रबरी फुगा कामाचा नव्हता. तो जिथे जागा मऊ तिथे फुगे, आणि कठीण कीट तसेच राही. ग्रुंट्झिगला हवा होता ठरलेल्या मापाहून रेसभरही जास्त न फुगणारा, पण मापापर्यंत मात्र ताकदीने दाब देणारा फुगा. तो शेवटी साधला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्याने ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृद्-रोहिणीत, रुग्ण जागा असताना, तो फुगा नेला, फुगविला, आणि वाट उघडली. दहा वर्षांनी तपासले तेव्हाही ती रोहिणी उघडीच होती. मात्र ते पाहण्यास ग्रुंट्झिग नव्हता. इ. स. १९८५ च्या ऑक्टोबरात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, स्वतःचे विमान चालवीत असताना अपघातात तो गेला. त्याच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलरिकल यांनी इ. स. १९८६ मध्ये मद्रासेत ही विद्या आणली.

फुग्याने उघडलेली वाट पुष्कळांच्या बाबतीत सहा महिन्यांत पुन्हा मिटे. विहिरीची माती ढासळू नये म्हणून आपण आतून कडे बसवितो. तसेच येथे करावे, असे डॉक्टरांच्या मनात आले. इ. स. १९८६ मध्ये तुलूज येथे झाक प्युएल यांनी आणि लोझान येथे उलरिख सिगवार्ट यांनी माणसाच्या हृद्-रोहिणीत धातूच्या जाळीची बारीक नळी कायमची बसविली. हाच स्टेंट. नावाची गंमत अशी, की ते इंग्लंडातील एका दंतवैद्याच्या आडनावावरून आले असे मानतात. चार्ल्स स्टेंट हे एकोणिसाव्या शतकातले गृहस्थ दातांचे ठसे घेण्याचा लेप तयार करीत असत. आपले नाव जगभरच्या हृदयांत जाऊन बसेल, हे त्या सद्गृहस्थांच्या स्वप्नीही नसेल.

आणखी एक अडथळा राहिला होता. जाळी टोचली की रोहिणीची भिंत चिडते आणि जखम भरून काढण्याच्या भरात जाळीतून मांस वाढविते. वाट पुन्हा अरुंद. यावर औषध सापडले ते कोठे? पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटाच्या मातीत! इ. स. १९६४ मध्ये एका कॅनेडियन तुकडीने तेथून मातीचे नमुने आणले. मॉन्ट्रिऑलमधील एका औषध कंपनीत आपले सुरेंद्रनाथ सेहगल काम करीत होते. त्यांनी त्या मातीतल्या जंतूंपासून एक द्रव्य वेगळे केले आणि बेटाच्या मूळ नावावरून, म्हणजे रापा नुईवरून, त्याला रापामायसिन म्हटले. कंपनीने पुढे प्रयोगशाळा बंद केली आणि काम थांबले, तेव्हा सेहगलांनी त्या जंतूंचा साठा आपल्या घरच्या शीतपेटीत जपून ठेवला होता. घरातली मंडळी काय म्हणाली असतील याची मी कल्पना करू शकतो. हेच द्रव्य पुढे सिरोलिमस या नावाने स्टेंटवर लेपले गेले. पेशींची फाजील वाढ ते रोखते. अमेरिकेत अशा औषधलेपित स्टेंटला इ. स. २००३ च्या एप्रिलात मान्यता मिळाली. सेहगल त्याच वर्षाच्या आरंभी वारले होते.

आता मी सुरतेला येतो. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिरे या शहरात पैलू पाडून निघतात, असे म्हणतात. वराछा आणि कतारगामच्या कारखान्यांत घंटीवर, म्हणजे फिरत्या चकतीवर, ओणवे होऊन बसलेले हिरेकामगार बहुतेक सौराष्ट्रातून आलेले. तेथे त्यांना रत्नकलाकार म्हणतात, आणि मला ते नाव फार आवडते. पैलू पाडण्याआधी कच्चा हिरा कापावा लागतो. हिऱ्याहून कठीण काही नाही. म्हणून हिऱ्याचीच भुकटी लावलेल्या कागदासारख्या पातळ धातूच्या चकतीने तो तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस कापीत बसावे लागे, आणि मध्येच तडकला तर मालकाचे दिवाळे. लेसरच्या किरणाने हे काम पालटले. सुईच्या अग्राहून बारीक असा प्रखर किरण आखलेल्या रेषेवरून फिरतो आणि तेवढीच रेषा जाळीत जातो. ही यंत्रे आधी परदेशांतून येत. धीरजलाल कोटडिया यांच्या सहजानंद या उद्योगाने इ. स. १९९० नंतरच्या दशकात ती सुरतेतच बनविण्यास आरंभ केला.

आणि येथेच वाट वळते. स्टेंट तयार होतो तो धातूच्या बारीक अखंड नळीतून. नळी यंत्रावर फिरत राहते, आणि लेसरचा किरण तिच्यावर जाळीचे नक्षीकाम कापीत जातो. नको तो भाग गळून पडतो; उरते ती जाळी. नंतर विजेच्या साहाय्याने रासायनिक द्रवात तिच्या कडा गुळगुळीत करायच्या, औषधाचा लेप द्यायचा, घडी मिटलेल्या फुग्यावर ती घट्ट आवळून बसवायची, आणि सारे निर्जंतुक करायचे. आता विचार करा: केसभर रेषेवरून न चुकता किरण फिरविणे, डोळ्याला न दिसणारी कड भिंगाखाली तपासणे, एका तडीसाठी माल बाद करणे, हे सारे ज्या गावाच्या हाडीमांसी खिळले आहे, त्या गावाला हे काम परके कसे वाटावे? सहजानंद समूहातूनच २००१ च्या सुमारास सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीज ही संस्था उभी राहिली आणि सुरतेत स्टेंट बनू लागले.

भारतात याआधी असा प्रयत्न झाला नव्हता असे नाही. हैदराबादेत डॉ. सोमा राजू आणि डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी इ. स. १९९८ च्या सुमारास स्वस्त स्टेंट तयार केला होता आणि तो कलाम-राजू स्टेंट या नावाने ओळखला गेला. त्यामागे क्षेपणास्त्रांसाठी मिळविलेले धातुज्ञान होते. सुरतेच्या स्टेंटमागे सराफ्याचे ज्ञान आहे, हा त्यातला फरक मला मोठा वेधक वाटतो.

सुरतेच्या मंडळींनी एक गोष्ट आरंभीच हेरली. स्टेंटवर औषध धरून ठेवण्यासाठी जो लेप देतात तो पहिल्या पिढीत कायम राहणारा होता. आणि औषध संपल्यावर राहिलेला हा लेपच काही रुग्णांत वर्षा-दोन वर्षांनी गुठळी होण्यास कारण होतो की काय, अशी शंका इ. स. २००६ च्या सुमारास जगभर उठली. सुरतेत लेप वापरला तो शरीरात हळूहळू विरून जाणारा. पुढे त्यांनी कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची जाळी केली. तिच्या तारेची जाडी ६० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या आसपास.

पण गावच्या मालाला गावातच मान नसतो. आमच्याच घरची गोष्ट पाहा. त्या पहाटे इस्पितळाच्या बोळात वहिनींपुढे एक कागद धरण्यात आला आणि विचारले गेले: “परदेशी घालायचा, की देशी?” त्या माउलीला स्टेंट म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. आत नवरा तळमळतो आहे, आणि बाहेर कोणी तरी स्वस्त-महाग सांगते आहे. त्यांनी कोणत्याही बायकोने दिले असते तेच उत्तर दिले: “जो चांगला असेल तो घाला.” चांगला म्हणजे महाग, आणि महाग म्हणजे परदेशी, हा अर्थ पलीकडच्या माणसाने सोयीस्करपणे लावला. नुसत्या स्टेंटचे सव्वा लाख रुपये झाले. वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या सोडवायला तीन वर्षे लागली. इस्पितळाचे नाव मी घेणार नाही. डॉक्टरांनी बंधूंचा जीव वाचविला, हे मी विसरलेलो नाही. परंतु डब्यावर छापलेली किंमत आणि विकणाऱ्याने मोजलेली किंमत यांत किती अंतर होते हे आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि विचारायचे असते हेही आम्हाला माहीत नव्हते. तो प्रश्न ज्या बोळात विचारला गेला तेथून चार-सहा मैलांच्या परिसरातच स्टेंट तयार होत होते, ही गोष्ट तर मला पुढे कितीतरी महिन्यांनी एका गुजराती वर्तमानपत्रातून कळली.

हे अंतर किती होते ते पुढे सरकारनेच उघड केले. दिल्लीच्या एका वकिलाने उच्च न्यायालयात दाद मागितली, इ. स. २०१६ मध्ये स्टेंटचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत झाला. आणि १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने कमाल किंमत बांधून दिली: साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषधलेपिताला २९,६०० रुपये, कर वेगळा. त्याआधीच्या सरासरी छापील किमती अनुक्रमे सुमारे ४५ हजार आणि १ लाख २१ हजार होत्या. प्राधिकरणाने गोळा केलेल्या आकड्यांत काही इस्पितळांचा नफा ६५४ टक्क्यांपर्यंत गेलेला दिसला. काही परदेशी कंपन्यांनी आपले वरच्या श्रेणीचे स्टेंट भारतातून मागे घेण्याची परवानगी मागितली. देशी कारखानदारही सगळेच खूश नव्हते. मला अर्थशास्त्र कळत नाही. पण त्या रात्री वर्तमानपत्र हातात धरून वहिनींनी गणित केले: “म्हणजे भाऊजी, माझ्या दोन पाटल्या त्या मधल्या माणसांनी खाल्ल्या.” यात दुरुस्ती करण्यासारखे मला काही सापडले नाही.

राहिला प्रश्न गुणवत्तेचा. कारण देशी स्वस्त झाला तरी तो चांगला आहे का? याचे उत्तर युरोपातून आले, हे एका परीने बरेच झाले, नाही तर आपल्याच माणसांनी विश्वास ठेवला नसता. सात युरोपीय देशांतील २३ इस्पितळांत १,४३५ रुग्णांवर तुलना करण्यात आली. कोणाला सुरतेचा सुप्राफ्लेक्स स्टेंट आणि कोणाला जगात सर्वाधिक नावाजलेला अमेरिकन स्टेंट घालायचा, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरविले. डॉ. पॅट्रिक सेरूय यांच्यासारखे जगन्मान्य डॉक्टर आणि आपले डॉ. उपेंद्र कौल यांचा त्यात पुढाकार होता. बारा महिन्यांनी पाहिले तर स्टेंटच्या जागेशी निगडित मृत्यू, झटका किंवा पुन्हा करावी लागलेली दुरुस्ती यांचे प्रमाण सुरतेच्या बाजूला ४.९ टक्के, दुसऱ्या बाजूला ५.३ टक्के. म्हणजे कोठेही उणे नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकाच्या प्रतिष्ठित नियतकालिकाने इ. स. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

येथे मला एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण हे ऐकून कोणी उद्या उठून स्टेंट बसवायला जाऊ नये. झटका आलेल्या माणसाची बंद वाट ताबडतोब उघडणे, यात जीव वाचतो. त्याविषयी वाद नाही. परंतु चालताना छाती भरून येते, विश्रांतीने बरे वाटते, असा जो स्थिर विकार, त्यात औषधे नीट घेणाऱ्यांपेक्षा स्टेंट घालणारे जास्त जगतात असे दिसून आलेले नाही. इ. स. २००७ मध्ये एका मोठ्या पाहणीने हे सांगितले, आणि ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांच्या दुसऱ्या पाहणीने २०१९ मध्ये तेच पुन्हा सांगितले. आपल्याकडचे रुग्णही तिच्यात पुष्कळ होते. ज्यांना वारंवार दुखते त्यांचे दुखणे स्टेंटने कमी होते, हा लाभ खरा आहे. पण “तुमच्या छातीत बाँब आहे, आजच्या आज घाला” असे ज्याला सांगितले जाते, आणि जो त्याच्या पायांनी चालत आलेला असतो, त्याने निदान दुसऱ्या डॉक्टराचे मत घेण्याइतका दम धरावा.

हृदयाच्या झडपांकडेही ही विद्या गेली आहे. संधिज्वराने लहानपणीच झडप आवळली जाण्याचा रोग आपल्याकडच्या गरिबांत फार. जपानचे कांजी इनोए यांनी इ. स. १९८२ मध्ये नीलेच्या वाटेने फुगा नेऊन ती झडप उघडली, आणि छाती उघडण्याच्या कितीतरी शस्त्रक्रिया त्यामुळे टळल्या. फ्रान्समधील रुआन शहरी आलँ क्रिबिए यांनी इ. स. २००२ च्या एप्रिलात एक पाऊल आणखी टाकले: नीलेच्याच वाटेने नेऊन नवी झडप बसविली. ही वस्तूही आता आमच्या याच लोहमार्गावर तयार होते. सुरतेहून मुंबईकडे येताना लागणाऱ्या वापीला मेरिल या कंपनीने बनविलेल्या मायव्हाल झडपेला भारतात इ. स. २०१८ मध्ये मान्यता मिळाली, आणि जगातील दोन प्रस्थापित झडपांशी ७६८ रुग्णांत तिची तुलना होऊन ती त्यांच्या बरोबरीची असल्याचे २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. किंमत मात्र अजून अनेक लाखांत आहे. साध्या माणसाच्या हाती ती यायला किती वर्षे लागतील, हे मी सांगू शकत नाही.

बंधू सेवानिवृत्त झाले आहेत. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज सकाळी घेतात, तंबाखू सोडली, आणि बोळातल्या हिरेकामगारांच्या मुलांना संध्याकाळी गणित शिकवितात. त्यांच्या पाकिटात स्टेंटचे कार्ड असते. त्यावर एका दूरच्या देशाचे नाव आहे. गेल्या नाताळात ते वसईला आले होते. मी ही सगळी हकीकत त्यांना सांगितली. त्यांनी कार्ड बाहेर काढले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “तीस वर्षे सुरतेचे पाणी प्यायलो, आणि हृदयात घातला परका. वहिनीला तुझ्या सांगू नकोस, पाटल्यांची पुन्हा आठवण होईल.” वहिनी दारातच उभ्या होत्या.